जागच्या जागी पडलेलं डुक्कर

कारंजा लाड,
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय खुशबू,

रोज संध्याकाळी आपण फोनवर बोलतो आणि तरी मी टपालानं पत्र पाठवतो आहे, म्हणून घाबरू नकोस. इथे सगळे बरे आहेत. तुझ्या आजीचा गुडघा तसाच आहे आणि आवाजही तसाच आहे. आईनं या आठवड्यात तिळाच्या लाडवांचे दोन घाणे केले, त्यातला एक नागपूरला पाठवायचा म्हणते. पत्राचं कारण असं की फोनवर तुझा पहिला प्रश्न असतो, औषध घेतलं का. मी हो म्हणतो, आणि त्यानंतर जे बोलायचं ठरवलेलं असतं ते मला बोलता येत नाही. कागद मध्येच औषधाचं विचारत नाही. तरीही चार दिवसांत तीन पत्रं फाडली. आजी काल म्हणाली, कोणाले लिहून राह्यला रे एवढं, मंत्र्याले? मी म्हटलं, खुशबूला. त्यावर ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिला कळलं असं समजायचं.

ऑगस्टमध्ये तुझा फोन आला, मी दुकानात पडलो, आणि त्या दिवसापासून तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. मीही काढला नाही. ‘तो विषय’ असं लिहितो आहे यावरूनच तुझ्या बापाची तऱ्हा कळते. लग्नाचा विषय, असं सरळ लिहायला पाहिजे. त्यावर येतोच. पण आधी डुकराचं सांगतो, कारण डुक्कर झालं नसतं तर हे पत्रही झालं नसतं.

आपलं इंझोरीचं चार एकर ग्यानबाकाका अर्ध्या वाट्यानं करतात, ते तुला माहीतच आहे. यंदा तिथे हरभरा आहे, बाजूला तूर. हरभरा वीतभर झाला आणि रानडुकरांनी तो आपल्यासाठीच पेरला अशी समजूत करून घेतली. त्यात एक फाटक्या कानाचं मोठं डुक्कर. रोज सकाळी ठरल्या वेळी येतं, शेताला एक पूर्ण फेरी मारतं आणि नाल्यात उतरून जातं, म्हणून ग्यानबाकाकांनी त्याचं नाव जमादार ठेवलं. खातं थोडं, उकरतं फार. शेवटी गावातल्या पाच-सहा जणांनी अर्ज केले आणि एक डुक्कर मारायची रीतसर परवानगी आली. बंदूकवाले म्हणून पोहरादेवीकडच्या तांड्यातले बाबूसिंग ठरले. वय सत्तर, मिशा पांढऱ्या, बंदूक दुनाळी. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. नेम कोणत्या डोळ्यानं धरतात हे मी विचारलं नाही.

अडचण आली पंचाची. डुक्कर मेलं की पंचनामा, मग गुरांच्या डॉक्टरची तपासणी, मग सगळ्यांसमोर पुरायचं, असा नियम. मागच्या खेपेला खड्ड्यापर्यंत जे पोहोचलं ते डुकरापेक्षा बरंच कमी होतं, असं वनरक्षक स्वतःच म्हणाले. म्हणून या वेळी त्यांना असा पंच हवा होता जो खोटं बोलणार नाही आणि वाटाही मागणार नाही. असा माणूस आजूबाजूच्या गावांत एकच निघाला. तुझा बाप.

मी आधी नाही म्हटलं. रात्री डायरी काढली. आपल्या जैन धर्मात स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला संमती देणं, या तिन्हींचं पाप धरतात. सही म्हणजे तिसरं. मग वाटलं, हरभरा माझा, तो वाचावा ही इच्छाही माझी, आणि बंदूक तेवढी बाबूसिंगांच्या हाती. घरी बसून निर्मळ राहणं मला जास्त लबाडीचं वाटलं. हा विचार तेव्हा फार उंच वाटला होता. आता परत वाचतो तेव्हा शंका येते, की ग्यानबाकाका म्हणाले, विनोदशेठ कधी खोटं बोलत नाही, त्याचाच मला मोह पडला असावा. काही असो, मी मधला मार्ग काढला. जाईन, उभा राहीन, सही करीन, पण पाहणार नाही.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी शेताच्या धुऱ्यावर उभा होतो. हरभऱ्याकडे पाठ, तुरीकडे तोंड. मनात नवकार चालू. तूर इतकी निरखून मी आयुष्यात पाहिली नव्हती. शेंगांत दाणे भरत आले आहेत, दोन-तीन झाडांवर अळी आहे. मागे बंदुकीचा आवाज झाला आणि लगेच ग्यानबाकाकांचा, पडलं, जाग्यावर पडलं. बाबूसिंग म्हणाले, पाऊलभी टाकू देल्लं नाही. वनरक्षक कागद घेऊन माझ्याकडे आले. पडलं ना शेठ? मी म्हटलं, पडलं म्हणतात. मेलं ना? मी तुरीकडे पाहत म्हटलं, मेलं असेल. ‘असेल’ हा शब्द त्यांनी लिहिलाच नाही. ‘एक नर रानडुक्कर, गोळी लागून जागीच ठार.’ ग्यानबाकाकांची पाठ टेबलासारखी वाकली आणि तिच्यावर कागद ठेवून मी पूर्ण नावानं सही केली, खाली तारीख आणि वेळही घातली. खुशबू, अठ्ठेचाळीस वर्षांत मी न वाचता कशावर सही केली नाही. इथे वाचून केली. फक्त पाहिलं नव्हतं.

मागे फोटो चालले होते. बाबूसिंगांनी डुकरावर एक पाय ठेवला, मिशीला पीळ दिला, आणि ग्यानबाकाका मोबाइलवर काढत होते. एवढ्यात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. गुरांचा नवीन डॉक्टर. जवळ न येताच त्यानं दुरून विचारलं, डुक्कर पडण्याआधी थोडंसं पळालं का? बाबूसिंग छाती काढून म्हणाले, एक पाऊल नाही. रक्त कुठं आहे? पाठीवर, वरच्या अंगाला, थोडंसं. तो म्हणाला, मंग मांगं सरा सारे.

मला ते आवडलं नाही. मी तोंड न वळवता म्हटलं, डॉक्टरसाहेब, पंचनामा झाला आहे, माझी सही झाली आहे.

तो शांतपणे म्हणाला, “काका, तुमच्या सहीनं ते मरत नाही.”

मग त्यानं एक ढेकूळ उचलून डुकराच्या फाटक्या कानावर मारलं असावं, कारण ग्यानबाकाका म्हणाले, कान हालला. बाबूसिंगांचा पाय अजून वरच होता. जमादार उठलं तेव्हा तेही थोडेसे त्याच्याबरोबर उठले आणि मग हरभऱ्यात बसले. हे मी नंतर फोटोत पाहिलं. तेव्हा मी फक्त एवढं पाहिलं, की ज्या तुरीकडे मी पाऊण तास निष्पापपणे पाहत होतो, तिच्याकडेच ते मोठं काळं धूड येत आहे. मी पळालो. चप्पल राहिली, टोपी राहिली. हरभऱ्यातून शंभर पावलं, मग धुरा, मग नाल्याकाठची बाभूळ. बाभळीवर कोणी चढत नाही, कारण तिला काटे असतात. हे मला वर पोहोचल्यावर आठवलं.

डुक्कर तोवर तुरीतून नाल्यात उतरून गेलंही होतं. त्याला माझ्यात काही गोडी नव्हती. खालून ग्यानबाकाका ओरडले, “ओ धम्मरत्न डॉक्टर, आमच्या शेठले आधी उतरवा. हार्टचा माणूस आहे तो.”

हे नाव मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होतो. पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा पडलो होतो. या वेळी दोन्ही हात फांदीला होते, पडायची सोय नव्हती. मी वरून नीट पाहिलं. तो सावळा, उंच, चष्म्यावर चिखलाचे ठिपके, आणि एका हातात माझी टोपी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की मी कोण हे त्याला आल्यापासूनच ठाऊक आहे.

उतरताना पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यानं खांदा दिला. मी त्याच्या खांद्यावर पाय देऊन खाली आलो. मग धुऱ्यावर बसवून त्यानं माझ्या तळव्यातले काटे काढले, गुरांच्याच चिमट्यानं. सात निघाले. तुझं नाव निघू नये म्हणून मी घाईनं डुकराचं विचारलं, की जे धाडकन जागेवर पडलं, ते उठलं कसं?

तो काटे काढत सांगत होता, जसं तू मला लहानपणी तुझ्या पुस्तकातलं सांगायचीस. जनावराच्या काळजात गोळी लागली तर ते जागेवर पडतंच असं नाही, बहुतेक वेळा पळतं. काळीज फुटलं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंदांचं रक्त शिल्लक असतं, पाय तेवढ्यावर धावतात. शंभर-दीडशे पावलं, कधी जास्तही. पाहणाऱ्याला वाटतं नेम चुकला, आणि ते पुढे कुठंतरी झुडपात एकटं पडतं. जागेवर पडतं ते दोन कारणांनी. एक, गोळी मेंदूत किंवा मानेच्या मणक्यात गेली, तर मुख्य तारच तुटते आणि सगळं तिथंच संपतं. दुसरं, गोळी पाठीच्या मणक्याच्या वर आलेल्या टोकाला नुसती चाटून गेली. आत काही तुटत नाही, पण आतल्या दोरीला असा हादरा बसतो की चारही पाय जातात. डोळे उघडे, अंग सैल, मेल्यासारखं पडतं. मिनिट-दोन मिनिटांनी हादरा ओसरतो, उठतं आणि चालू लागतं. पाठीवर एक ओरखडा राहतो. म्हणून जे ऐटीत जागेवर पडतं, त्याच्यावर जास्त भरवसा ठेवायचा नाही. बाबूसिंग तिकडून कपडे झटकत म्हणाले, हे मले पह्यलेच मालूम होतं.

मग त्यानं बॅगेतून स्टेथोस्कोप काढला. तो डुकरासाठी आणलेला होता, पण डुक्कर गेलं होतं. त्यानं तो माझ्या छातीला लावला आणि पुष्कळ वेळ ऐकलं. मग विचारलं, “काका, ऑगस्टमधी तुमाले काय झालं होतं?”

मी चप्पल शोधू लागलो. त्यानं नळी गुंडाळली. “तिले वाटते, तिच्या एका फोननं तुमचं हार्ट गेलं. शंभर पावलं पळून बाभळीवर चढलेल्या माणसाचं काळीज मी आताच ऐकलं. पण मी तिले सांगणार नाही. मी सांगतलं तर ते माझ्या फायद्याचं होते. तुमचं तुमी सांगा.”

आणि त्यानं माझी टोपी झटकून मला परत दिली.

त्या दिवशी मला एकच दिसत होतं, खोटा पंचनामा. वनरक्षक म्हणाले, सोपं आहे, हा कागद रद्द करू, नवीन लिहू की गोळी निसटती लागली, डुक्कर पळालं. मी म्हटलं, तसं नाही, माझा दुरुस्तीचा जबाब सोबत जोडा. बुधवारी दुकान आईवर सोपवून मी तीन पानं लिहिली आणि नेऊन दिली. त्यांनी पहिलं पान वाचून विचारलं, शेठ, तुम्ही प्रत्यक्ष काय पाहिलं ते एका ओळीत सांगा. मी प्रामाणिकपणे सांगितलं, तूर. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, डुक्कर दोन मिनिटांत उठून कामाला लागलं, तुम्हीच अजून उठले नाही. त्यांच्या मनात वेगळं काही नव्हतं, घरी जा एवढंच म्हणायचं होतं. पण मी स्कूटरवरून कारंज्यापर्यंत येताना तेच एक वाक्य घोळवत आलो. जमादार, ग्यानबाकाका सांगतात, शुक्रवारपासून पुन्हा ठरल्या वेळी फेरीला येतं. पाठीवर ओरखडा आहे. बाकी ठणठणीत.

आता ऑगस्टचा जबाब. जे पाहिलं तेवढंच लिहितो. पर्युषणात माझा तेला, म्हणजे सलग तीन उपास, चालू होता, त्यातला तिसरा दिवस, सकाळपासून फक्त उकळलेलं पाणी, आणि ते तुला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी तुझा फोन आला. तू ते नाव घेतलंस आणि मी पडलो, तेही मुरमुऱ्यांच्या पोत्यांवर, कुठे खरचटलंसुद्धा नाही. आई घाबरून तुला म्हणाली, पप्पांना हार्टचं झालं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, ईसीजीची पट्टी साफ आहे, उपास आणि उकाडा, चक्कर आली, लिंबूपाणी घ्या. दुसऱ्या दिवशी अकोल्याचे सगळे रिपोर्टही साफ आले. ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत, या पत्रात त्यांच्या प्रती घातल्या आहेत. तू रोज ज्या औषधाचं विचारतेस ती ताकदीची गोळी आहे. मी तुझ्याशी एकही शब्द खोटा बोललो नाही, खुशबू. तू लग्नाचं थांबवलं आहेस असं आईनं सांगितलं, तेव्हा मी फक्त गप्प राहिलो, आणि त्याच दिवशी डायरीत ‘मौन पाळलं’ असं लिहिलं. बाकी सगळ्यांना सांगितलं, त्या मुलाकडचं खाणं वेगळं. दुकानाच्या निम्म्या गिऱ्हाइकांचं खाणं वेगळं आहे, त्यांच्यासमोर मी कधी पडलो नाही. मला फक्त ते नाव ऐकताक्षणी कळलं होतं की ते घर कोणत्या वस्तीतलं, आणि बाजारातले चार लोक काय म्हणतील. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच खोडत नाही. मला गोळी चाटून गेली होती. ऐटीत जागेवर पडलो, आणि सगळ्यांनी मेलेला धरला म्हणून चार महिने पडूनच राहिलो. तू पडली नाहीस. तू सुट्टी न घेता कामं करते आहेस, जनावरांच्या लसीकरणाची शिबिरं घेते आहेस, आजीला कुत्र्यामांजरांचे फोटो पाठवून हसवते आहेस, आणि मी डायरीत लिहीत होतो की पोरगी सावरली, तिला फारसं लागलं नव्हतं. धुऱ्यावर तो मुलगा सांगत होता की काळजात लागलं की पळतात, तेव्हा तो माझ्याकडे पाहत नव्हता, तुरीकडे पाहत होता. पळणं थांबव, बेटा. माझं हृदय उत्तम आहे, कमी पडली ती हिंमत, आणि मला माफ करायचं की नाही ते तू सावकाश ठरव, मी क्षमा मागायला संवत्सरीच्या दिवसाची वाट पाहणार नाही. आईला मी सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, लाडवांचे दोन्ही घाणे ठेवून घेते, पाहुणे आल्यावर लागतील. आजीला सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, पडलेलं डुक्कर जितं आहे हे त्याच पोरानं ओळखलं का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मंग आपल्या घरात असा एक पाह्यजेच. पुढच्या रविवारी या, दोघंही, जेवायला. त्याला मी अजून काही कळवलेलं नाही. तुझं तू सांग.

तुझाच,
बाभळीवरून सुखरूप उतरलेला,
पप्पा